पवनवल्लभा दुचाकीच्या मोलाचा निवाडा व श्रीमंतांची त्रिविध स्वारी

श्री. जो वाऱ्याचा पुत्र असोन ज्याने कोणत्याही वाहनाविना समुद्र उल्लंघिला, त्या मारुतीरायास आधी नमन. मग कुलस्वामिनीस, मग वाचणारास. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्षापासून माघापर्यंत एका दौलतीत जे वर्तमान घडले ते जैसे पाहिले व जैसे ऐकिले तैसे येथे लिहिले आहे. दौलतीचे नाव लिहीत नाही, कारण राज्य चालते आहे आणि दिवाण हयात आहेत.

ऐशास, त्या दौलतीचे श्रीमंत सरकार वयाची अठ्ठेचाळीस वर्षे पूर्ण करते जाहले, आणि हकिमांनी नाडी पाहून अर्ज केला की सरकारांनी अंग हालवावे, आणि अंग हालवावयाचे तर चार माणसांसारिखे अंगणात फेऱ्या घालणे गादीस शोभत नाही म्हणोन दिवाण विसाजीपंत यांनी शोध करोन त्रिविध स्वारी नामक पराक्रम काढिला. त्रिविध स्वारी म्हणजे काय, तर पहिली स्वारी पाण्यातून, म्हणजे सरहद्दीवरील तळे पोहून पार करणे. दुसरी चाकांवरून, म्हणजे तळ्याभोवतीचा दहा कोसांचा रस्ता दुचाकीवर बसोन फिरून येणे. आणि तिसरी पायांवरून, म्हणजे तळ्यापासून देवीच्या माळापर्यंत दोन कोस धावणे. आणि तिन्ही एका दमात, मध्ये पान नाही, सुपारी नाही, वामकुक्षी नाही. पलीकडील दौलतीचे राजे हाच पराक्रम करीत होते आणि तळे दोघांच्या सरहद्दीवर, म्हणोन दरसाल माघ शुद्ध पंचमीस दोघांनी मिळोन स्वारी करावी ऐसा तह जाहला. पहिल्या साली सरकार पाण्यात पुढे राहिले, कारण सरकारांचा देह भरदार, तो पाण्यावर आपोआप राहतो. आणि धावण्यात दोघेही सारखेच धापा टाकीत होते. परंतु चाकांवर सरकार इतके मागे पडले की अखेरीस माळावर तीस पळे, म्हणजे पुरती अर्धी घटका, उशिरा पोहोचले, आणि पलीकडील राजे तोवर अंग पुसोन ताक पीत बसले होते. मग सरकार डेऱ्यात आले आणि बोलिले, "आम्ही हरलो नाही. दुचाकी हरली." हे वाक्य दिवाणांनी तत्काळ लिहून घेतले.

मग मार्गशीर्ष मासी आर्थरसाहेब नामे टोपीकर सौदागर दौलतीत आला आणि त्याने मखमलीत गुंडाळलेली एक दुचाकी सदरेवर उघडिली. ती कैसी होती, तर अंगाने काळी, कोळशाच्या धाग्यांची विणलेली, आणि वजनाने इतकी हलकी की दिवाणांनी ती करंगळीवर उचलोन दाखविली आणि मग करंगळी लपविली. मागील चाकास आरे नव्हते, ते परातीसारिखे बंद होते. पुढे धरावयास दोन लांब शिंगे होती, त्यांवर कोपरे टेकून स्वाराने पुढे ओणवे व्हावे. आणि घंटा नाही, मडगार्ड नाही, उभी करावयास स्टँडही नाही. सौदागराने मुनशीकडून मराठी शिकून घेतली होती, तो बोलिला, "सरकार, स्वाराचा वैरी चढ नाही, ऊन नाही, वारा आहे. ही दुचाकी वाऱ्यास दिसत नाही. पलीकडील राजांनी माझ्याकडूनच घेतली." इतके ऐकताच सरकारांनी हिचे नाव पवनवल्लभा ठेविले, आणि नाव ठेविल्यावर परत करणे कठीण होते हे सौदागरास ठाऊक असावे, कारण त्याने मोल त्यानंतर सांगितले. ते मोल एका हत्तीपेक्षा अधिक निघाले. मग दिवाण बोलिले, "चिंता नसावी. डाकखात्याच्या तीस लोखंडी सायकली आहेत. त्या मोडीत काढल्या म्हणजे हिचे मोल बरोबर फिटते. डाक काय, माणसे चालतही नेतील. पूर्वी नेत होतीच." आणि सरकार बोलिले, "नेत होतीच."

परंतु त्या दौलतीत जुना कानू ऐसा की, हत्तीपेक्षा महाग वस्तू घेणे जाहल्यास पारखीचा जबाब घ्यावा. म्हणजे ज्या कारखान्याची ती वस्तू त्या कारखान्याच्या दारोग्याने हाती देवीचा भंडारा घेऊन सांगावे की वस्तू मोलास उतरते अथवा उतरत नाही. आणि जबाब खोटा ठरल्यास त्याने दौलत सोडोन जावे. हा कानू कां जाहला, तर सरकारांच्या आजोबांनी बोलका म्हणोन एक पक्षी घेतला होता, तो एकवीस वर्षे जगला आणि मरेतोवर काही बोलला नाही. तर दुचाकीखान्याचे दारोगे गुणाजी पांचाळ, वय साठ, हाताची नखे काळी, बोलणे थोडे; डाकेच्या तीसही सायकली यांनीच आपल्या भट्टीवर नळ्या जोडोन उभ्या केल्या होत्या. आता त्यांच्याच तोंडाने त्या तिसांचा निकाल होणे आले. ते हात जोडून बोलिले, "सरकार, बघून जबाब देता येत नाही. पळवून बघावी लागंल. माणूस एक, रस्ता एक, आणि गाड्या बदलून." आणि सौदागर बोलिला, "हे वाजवी आहे," कारण त्यास आपल्या मालाची खात्री होती, आणि ती खोटी नव्हती हेही येथे लिहिले पाहिजे.

मग परीक्षेस स्वार कोण, तर डाकवाली ठकूबाई. ही बाई तळ्याकाठच्या सात डोंगरगावांची डाक सोळा वर्षे नेत होती, रोज सायकलीवर जाणे आणि सायकलीवर येणे. आणि गावांत पत्र वाचता येणारे थोडे, म्हणोन डाकेचा शिरस्ता ऐसा की ज्याचे पत्र त्याने रस्त्यात हात वर करावा, डाकेने थांबावे, पत्र द्यावे आणि मागितल्यास वाचोनही दाखवावे. हा शिरस्ता सरकारांनीच गादीवर बसले त्या साली शिक्क्यानिशी लागू केला होता आणि नंतर विसरले होते. ठकूबाई कारखान्यात आली आणि पवनवल्लभेस चहूंकडून पाहून बोलली, "गुणाजीदादा, ही उभी कशी ऱ्हाती?"

"भिंतीला टेकवायची."

"म्हंजे एवढ्या मोलाची, आन् हिलाच टेकू लागतो. थैली कुठं अडकवायची?"

"थैली नाही. ही डाकेची नव्हं, सरकारांची."

"आन् हिच्यापायी माझी जानार. दादा, मी चालत जाईन, मला चालायचं भ्या न्हाई. पर सायकलीनं सात गावं एका दिसात हुत्यात, चालत दोन हुतील. म्हंजे एका गावाला आठवड्यातनं दोन डावच टपाल. औषधाची पुडी बी टपालातच येती. तुमी काय ते नीट सांगा म्हंजे झालं."

गुणाजी बोलिले, "खोटं सांगायचं नाही, ठके. हातात भंडारा असतो."

"मी खोटं सांगा म्हन्ले का? नीट सांगा म्हन्ले."

मग परीक्षा जाहली, ती अशी. तळ्याकाठी घटिकापात्र मांडिले आणि ठकूबाई पहिल्या दिवशी आपल्या लोखंडी सायकलीवर, ताठ बसोन, रोज जाते तैसी दहा कोस फिरून आली. तीन घटका पंचवीस पळे लागली. दुसरे दिवशी पवनवल्लभेवर शिंगांस कोपरे टेकून, ओणवी होऊन गेली; अडीच घटका आणि पाच पळे लागली, म्हणजे पन्नास पळे कमी, आणि सौदागराने टोपी काढून सर्वांस दाखविली. सदरेवर नौबत वाजविण्याची तयारी जाहली. परंतु गुणाजी पुष्कळ वेळ चाकांकडे न पाहता ठकूबाईच्या पाठीकडे पाहत राहिले, आणि मग कारखान्यात जाऊन त्यांनी बांबूचे दोन तुकडे कापिले, आणि सुतळीने व चामड्याच्या वादीने ते लोखंडी सायकलीच्या हँडलावर शिंगांसारिखे बांधिले, आणि सायकलीचे खोगीर चार बोटे वर घेतले, आणि तिसरे दिवशी ठकूबाईस त्यावर ओणवी करोन धाडिले. ती परत आली तेव्हां पात्रात दोन घटका त्रेपन्न पळे भरली होती. म्हणजे पन्नास पळांपैकी बत्तीस दोन बांबूंनी दिली आणि बाकी अठरा त्या काळ्या दुचाकीने दिली. ठकूबाई उतरोन बोलली, "कंबार मोडली, पर वारा डोक्यावरनं जातोय, अंगाला लागतच न्हाई." सौदागर प्रामाणिक होता, तो गुणाजींच्या कानात बोलिला, "हे बांबूचे माझ्या कोणत्याही गिऱ्हाइकास सांगू नका."

तदनंतर परीक्षेचा दुसरा भाग, म्हणजे प्रत्यक्ष सरकारांनी बसणे. येथे एक गोष्ट सांगणे अगत्य आहे. त्या घराण्याच्या मूळ पुरुषाने कडेकोट वेढ्यात शपथ वाहिली होती की, या गादीवरील पुरुष कुलस्वामिनी आणि आपल्या राज्याचा शिक्का या दोहोंवाचून कोणापुढे मान लववणार नाही. ती शपथ आजवर कोणी मोडिली नव्हती. सरकार ठेंगण्या दारांतूनही मान न लववता जात, त्याकरिता दौलतीतील बहुतेक दारांच्या चौकटी वर उचलिल्या होत्या. आता पवनवल्लभेवर बसोन सरकारांनी शिंगे धरिली आणि दिवाण पुढे धावले आणि बोलिले, "सरकार, हे आसन तर मुजऱ्याचे आहे! रस्त्यात जो कोणी समोर येईल, गुराखी येईल, गाढव येईल, त्यास सरकारांचा मुजरा घडेल!" मग सरकारांनी शिंगे सोडिली आणि पाठ ताठ केली, छाती पुढे काढिली आणि हात मांड्यांजवळील दांडीस कसेबसे लाविले, आणि स्वारी निघते तर मानाची छत्री म्हणजे अब्दागिरी हवी, आणि ती धरणारा दहा कोस धावेना, म्हणोन अब्दागिरी खोगिराच्या मागे उभी बांधिली, आणि ऐशा थाटाने सरकार दहा कोस फिरले. मागील साली जुन्या दुचाकीवर तीन घटका बेचाळीस पळे लागली होती. पवनवल्लभेवर तीन घटका चाळीस पळे लागली. सौदागराने हे पाहून डोळे मिटोन घेतले.

दुसरे दिवशी गुणाजींचा जबाब जाहला. त्यांनी तळहातावर भंडारा घेतला आणि बोलिले, "सरकार, दुचाकी उत्तम आहे. मी असली जोडू शकणार नाही. जो आधीच ओणवा बसतो, ज्याने स्वतःचं सगळं करून झालं आणि वर अठरा पळं हवीत, त्याला ही मोलाची. पण पहिली बत्तीस पळं वाकण्यात आहेत, आणि वाकणं विकत मिळत नाही. सरकार ताठ बसत असतील तर सरकारांना ही दोन पळं देते. दोन पळांना तीस सायकली, हे मोल उतरत नाही." दिवाण बोलिले, "गुणाजी, तू दुचाकीची पारख करायला बसला आहेस की सरकारांच्या पाठीची?" गुणाजी बोलिले, "पंत, दुचाकी एकटी पळत नाही." सरकारांनी मिशीवर हात ठेविला आणि बोलिले, "आम्हांस हरणे नको आणि वाकणेही नको. दिवाण, तुम्ही हुशार आहात. पंचमीपावेतो मार्ग काढा, म्हणजे जबाब फिरून घेऊ. न निघाल्यास आम्ही या गुणाजीचे ऐकू आणि तुमचे कधीच ऐकणार नाही."

मग दिवाणांनी आठ दिवस विचार केला आणि मार्ग काढिला, तो ऐसा की सरकार देवीपुढे वाकतात, तर देवी दुचाकीच्या पुढेच असावी. दोन शिंगांच्या मधोमध कुलस्वामिनीचा चांदीचा टाक बसवावा. मग सरकार दहा कोस वाकले तरी तो मुजरा नव्हे, दर्शन होय. ही युक्ती ऐकोन सरकार इतके प्रसन्न जाहले की दिवाणांस पोशाख दिला. उपाध्यांस बोलावून पंचमीच्या पहाटे मंत्रपूर्वक टाकाची स्थापना करविली, हळदकुंकू वाहिले, पवनवल्लभेच्या बंद चाकावर स्वस्तिक काढिले, आणि ती तळ्याकाठी पाटावर, खुंटाचा टेकू देऊन, उभी केली. दोन्ही दौलतींची माणसे जमली. ताशा वाजला आणि दोन्ही राजे पाण्यात शिरले, आणि सरकार नेहमीप्रमाणे पुढे राहोन बाहेर आले, अंगावरून पाणी निथळत, आणि पवनवल्लभेकडे धावले आणि एक टांग टाकोन पेडल दाबावयास पाय उचलिला, तोच उपाध्ये किंचाळले, "सरकार! पाय! देवी बसली आहे! देवीच्या वाहनास पाय लावता?"

सरकार एका पायावर उभे राहिले. दिवाण बोलिले, "उपाध्येबुवा, पाय न लावता ही चालेल कैसी?" उपाध्ये बोलिले, "ते मला विचारले नव्हते. मला स्थापना विचारली होती, स्थापना यथासांग जाहली आहे." दिवाण बोलिले, "मग टाक काढा." उपाध्ये बोलिले, "उत्तरपूजा केल्याविना काढता येत नाही, आणि उत्तरपूजा उद्या सूर्योदयानंतर." इतक्यात पलीकडील राजे पाण्यातून बाहेर आले आणि आपल्या काळ्या दुचाकीवर बसोन, कोणत्याही शपथेवाचून, ओणवे होऊन निघोन गेले.

तेव्हां सरकारांचा चेहरा पाहवत नव्हता. तळ्याकाठी ठकूबाई आपली डाकेची सायकल घेऊन उभी होती, कारण पंचमी असली तरी डाकेस सुटी नव्हती. सायकलीस बांबूची शिंगे तैसीच होती, तिने ती सोडिली नव्हती, आणि शिंगांच्या मध्ये पत्रांची थैली लटकत होती. ती पुढे आली आणि बोलली, "सरकार, ही घ्या. खोगीर तुमच्या मापाला जरा खाली हाय, पर चालतंय."

दिवाण बोलिले, "ए बाई! सरकार वाकत नाहीत, ठाऊक नाही?"

ठकूबाई बोलली, "म्हाईत हाय की. पर पंत, थैलीवर बघा काय हाय. लाखेचा शिक्का हाय. कुनाचा? सरकारांचाच. आपल्याच शिक्क्याम्होरं वाकायला सरकारांना परवानगी हाय न्हवं?"

सरकारांनी थैलीवरील शिक्का पाहिला, आणि दिवाणांकडे पाहिले नाही, आणि लोखंडी सायकलीवर बसोन दोन्ही कोपरे बांबूंस टेकून मस्तक इतके लवविले की नाक शिक्क्यापासोन वीतभर राहिले, आणि निघाले. अब्दागिरी तेथेच राहिली. ठकूबाई मागून ओरडली, "सरकार, थैली सांभाळा, आजचं सगळं टपाल तीतच हाय!" परंतु सरकार तोवर वळणापलीकडे गेले होते. आणि ज्यांनी रस्त्यात पाहिले त्यांचे म्हणणे की सरकार ऐसे कधी पळाले नव्हते, घंटा वाजवीत गेले, आणि पाच कोसांवर पलीकडील राजांची काळी पाठ त्यांच्या दृष्टीस पडली.

सहाव्या कोसावर आंबेवळण नामे जागा आहे. तेथे येसूबाई नामे एक म्हातारी, डोळ्यांस कमी दिसते, डाकेची सायकल वाजली ऐसे ऐकोन रस्त्याच्या मधोमध आली आणि हात वर करोन उभी राहिली. सरकारांनी घंटा वाजविली, म्हातारी हालेना. सरकारांस थांबावे लागले.

म्हातारी बोलली, "हात दिसत न्हाई व्हय रं? आन् ठकी कुठं हाय?"

सरकार बोलिले, "बाई, सरा. आम्ही घाईत आहोत."

"आमी? किती जनं हाईत रं एका सायकलीवर?"

सरकार बोलिले, "आम्ही एकटेच आहोत."

"मग एकट्यावानी बोल. माझं पत्र काढ. पोरीचं यायचंय, येसूबाई नाव लिवलं आसंल. आन् वाचून दाव, मला येत न्हाई. सरकारांचा हुकूम हाय तसा, ठावं न्हाई का तुला? नवा दिसतोस."

आपलाच हुकूम आपणास ठाऊक नाही ऐसे म्हणणे सरकारांस जड गेले असावे. त्यांनी थैली उघडिली, आणि पत्र शोधिले, आणि ओल्या हातांनी धरोन वाचिले, की आई, मी सुखी आहे, सासूचा पाय बरा आहे, तांबडी शेळी विकू नकोस, चैत्रात येते आणि सोबत बाळास आणते. म्हातारी बोलली, "बाळास? परत वाच." सरकारांनी परत वाचिले. म्हातारी बोलली, "बाळास म्हन्ली ना? मला कुनी सांगितलंच न्हवतं," आणि तिने सरकारांचे दोन्ही ओले गाल हातांत धरोन कानशिलांवर बोटे मोडिली आणि बोलली, "जा आता. आन् पुन्यांदा घंटा वाजवून म्हाताऱ्या मानसाला भ्या दावू नगंस." मग सरकार निघाले.

दहा कोस पुरे करोन सरकार तळ्याशी आले, सायकल ठकूबाईच्या हाती दिली आणि माळाकडे धावले, आणि माळावर पोहोचले ते पलीकडील राजांच्या मागे आठ पळांनी. मागील साली तीस पळे, आता आठ. सरकार गवतावर बसले, आणि बराच वेळ छाती भात्यासारिखी हालत राहिली, आणि मग बोलिले, "गुणाजीस बोलवा. जबाब फिरून घेऊ म्हणालो होतो."

गुणाजी आले. उपाध्यांनी भंडारा दिला. ठकूबाईही आली, सायकलीचे हँडल धरोन, आणि डाकेची आणखी दोनचार माणसे आपापल्या सायकली घेऊन मागे उभी राहिली. सरकार बोलिले, "आज आम्ही वाकलो. तू म्हणालास बत्तीस पळे वाकण्यात, ती मिळाली. आता आठ पळे कमी पडली. ती काळी दुचाकी असती तर?"

गुणाजींनी ठकूबाईकडे पाहिले, आणि तिने मान दुसरीकडे वळविली, कारण तिला उत्तर कळले होते. गुणाजी बोलिले, "सरकार, हातात भंडारा आहे. ओणव्या स्वाराला ती अठरा पळं जास्त देते. आठ गेली तर दहानं सरकार पुढं असते. आता ती दुचाकी मोलाची आहे." आणि इतके बोलोन त्यांनी डोळ्यांस उपरणे लाविले.

सौदागर हर्षला. दिवाण बोलिले, "लिहा! तीस सायकली मोडीत!" आणि कारकुनाने बोरू उचलिला.

तेव्हां सरकार बोलिले, "थांबा. आम्ही रस्त्यात थांबलो होतो. आंबेवळणावर एका म्हातारीने अडविले. तो काळ कोणी धरिला?"

दिवाण बोलिले, "सरकार थांबले? अहाहा! मग तो काळ वजा जाहला पाहिजे. किती पळे असतील?"

सरकार बोलिले, "चारपाच."

दिवाण बोलिले, "छे छे, सरकारांची मोजण्याची सवय नाही. नऊदहा तरी."

सरकारांनी किंचित विचार केला आणि बोलिले, "बारा."

दिवाण बोलिले, "बाराच. मीही बाराच म्हणणार होतो. आठांतून बारा वजा, म्हणजे सरकार चार पळांनी पुढे!"

सौदागर बोलिला, "परंतु माळावर पलीकडील राजे आधी आले. सर्वांनी पाहिले."

दिवाण बोलिले, "आधी ते आले, जिंकले सरकार. या दोन गोष्टी निराळ्या आहेत, साहेब, तुम्ही व्यापारी लोक आहात." आणि मग सरकार बोलिले, "दारोगे, तू खरे बोलणारा माणूस आहेस. बारा पळे बरोबर की नाही, हे तू सांग. तुझ्या तोंडाने आले म्हणजे कोणी शंका घेणार नाही."

आता गुणाजी पेचात पडले, कारण हो म्हटल्यास सरकार डाकेच्या सायकलीवर जिंकले ठरोन तीस सायकली वाचत होत्या, आणि हाती भंडारा होता, आणि ते आंबेवळणावर नव्हते. ते बोलिले, "सरकार, मी पाहिलं नाही. जे पाहिलं नाही ते मी सांगत नाही." दिवाणांनी कारकुनास खूण केली. गुणाजी बोलिले, "पण त्या ठिकाणी रोज थांबणारी हीच एक आहे. तिला विचारावं." आणि त्यांनी भंडारा ठकूबाईच्या तळहातावर ओतिला.

ठकूबाई बोलली, "येसाआत्यानं आडवलं व्हय? पत्र वाचून घेतलं?"

सरकार बोलिले, "दोन वेळा."

"दोन डाव! आन् कानशिलावर बोटं मोडली?"

सरकारांनी कानशील हाताने चाचपिले.

ठकूबाई बोलली, "सरकार, सोळा वर्सं मी तितं थांबतेय. एक डाव वाचलं तर मला पंधरा पळं लागत्यात, शेळीची चौकशी करतीया, सुनंचं गाऱ्हानं सांगतीया. दोन डाव वाचून तुमी बारा पळांत सुटला आसाल तर सरकारच म्हनून सुटला. मला कवा जमलं न्हाई. भंडाऱ्याची आन."

हे ऐकताच माळावर एकच हर्ष जाहला, आणि नौबत झडली, आणि सरकार गवतावरून उठोन ताठ उभे राहिले आणि बोलिले, "म्हणजे आम्ही पंधराच्या वर घालविली असतील. तरी बाराच लिहा. आम्हांस फुकटचा मोठेपणा नको." मग दिवाणांनी जयपत्र लिहिले. आणि जी दुचाकी चालवोन जय मिळाला ती हलक्या प्रतीची होय ऐसे त्याच पत्रात लिहिता येईना, म्हणोन पवनवल्लभेच्या खरेदीचे कलम दिवाणांनी स्वहस्ते खोडिले, आणि खोडताना पुष्कळ खोकले. पलीकडील राजांस हे जयपत्र पाठविले, त्यांनीही आपले जयपत्र पाठविले, आणि दोन्ही दफ्तरी जपोन ठेविली आहेत. उत्तरपूजा दुसरे दिवशी सूर्योदयानंतर जाहली आणि सौदागर आपली दुचाकी मखमलीत गुंडाळोन निघाला, तेव्हां गुणाजी वेशीपावेतो पोहोचवावयास गेले आणि त्यांनी एकदा त्या काळ्या अंगावरून हात फिरविला. सौदागर बोलिला, "तुम्ही खरे बोललात. दोन्ही वेळा." गुणाजी बोलिले, "माल चांगलाच आहे, साहेब."

सारांश, तो माल चांगला होता आणि मोलही वाजवी होते, परंतु ज्याने वाकावे, सराव करावा, रस्त्यात थांबू नये, आणि शेवटल्या अठरा पळांवाचून ज्याचे काही अडले आहे, त्याच्याकरिता. ऐसा मनुष्य त्या दौलतीत त्या साली कोणी आढळला नाही. गुणाजींचा जबाब खरा होता, म्हणोन त्यांस दौलत सोडावी लागली नाही. आणि तो कोणी मानिला नाही, म्हणोन तीस सायकली राहिल्या. इतके वर्तमान जाहले. कमीजास्त असेल ते लिहिणाराच्या पदरी घालावे.